पहिलं लष्करी रिव्हॉल्व्हर घेताना: ठसे आधी, चकाकी नंतर

प्रश्न थोडक्यात असा: ‘एकोणिसाव्या शतकातली लष्करी रिव्हॉल्व्हरं जमवायला सुरुवात करायची आहे. पहिलं कोणतं घ्यावं? अस्सल कसं ओळखावं? गंजलेलं मिळालं तर घासून लख्ख करावं का? आणि सध्या पिनच्या काडतुसाचं (काडतुसाच्या बाजूने बाहेर आलेल्या पिनवर ठोका बसून उडणारं) एक रिव्हॉल्व्हर समोर आलं आहे. विकणारा म्हणतो, ते फ्रेंच नौदलाचं आहे. घेऊ का?’

घाई होते ती शेवटच्या दोन प्रश्नांत, म्हणून त्यांचं आधी. लख्ख करू नका. आणि पिनवाल्या रिव्हॉल्व्हरचे पैसे अजून देऊ नका. ते कसं तपासायचं हे शेवटी सांगतो, कारण मधलं वाचल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

त्याआधी दोन रूक्ष गोष्टी. पहिली कायद्याची. ‘जुनं’ म्हणजे किती जुनं, हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. अमेरिकेत रेषा वर्षाची आहे: १८९८ किंवा त्याआधी बनलेलं. ब्रिटनमध्ये रेषा बरीचशी काडतुसावरून आखली आहे: कालबाह्य काडतुसांची सरकारी यादी असते आणि वस्तू केवळ संग्रहासाठी बाळगलेली असावी लागते. म्हणजे एकच रिव्हॉल्व्हर एका देशात बिनपरवाना चालेल आणि दुसऱ्या देशात त्यासाठी थेट गुन्हा दाखल होईल. राहत्या ठिकाणचा नियम लेखी पाहा, आणि वस्तू बाहेरून येणार असेल तर दोन्हीकडचा पाहा. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. टोपीच्या जमान्यातली रिव्हॉल्व्हरं पुढून भरायची असतात. आधी दारू, वरून शिशाची गोळी, आणि मागच्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ नळकांडीवर, ठोक्याने ठिणगी देणारी पितळी किंवा तांब्याची टोपी. टोपी पडून गेली की मागून पाहणाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली असेल तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. म्हणून नवीन वस्तू हातात आली की लाकडाची बारीक काडी सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून घालून खोली मोजा. एखाद्या घरात काडी इतरांपेक्षा कमी आत जात असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. स्वतः उकरू नका. ही रिव्हॉल्व्हरं झाडायची तर बातच नको. तेव्हाचं लोखंड आणि पोलाद काळ्या दारूच्या दाबाला धरून केलेलं होतं, आणि एवढ्या वर्षांत आत कुठे चीर गेली आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

आता पहिलं रिव्हॉल्व्हर. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात अमेरिकी बनावटीचं कोल्टच असतं. माझा सल्ला आहे की पहिलं कोल्ट घेऊ नका. कोल्ट वाईट आहे असं मुळीच नाही. पण ज्या नावाला जास्त गिऱ्हाईक, त्याच नावाच्या नकला जास्त. उदाहरण कोल्टच्याच १८४७ च्या वॉकर रिव्हॉल्व्हरचं. ती सारी मिळून साधारण १,१०० बनली, त्यातली १,००० लष्करासाठी. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे पट्ट्याला लटकवण्यापेक्षा घोड्याच्या खोगिराला लावण्याची वस्तू. इतक्या थोड्या वस्तूंच्या मागे इतकी मोठी हाव लागल्यावर काय होणार ते उघड आहे. तुम्हाला कोणी स्वस्तात वॉकर दाखवलं तर ते खोटंच आहे असं समजून चालायला हरकत नाही.

नवशिक्याने पहिलं घ्यावं ते फ्रेंच सैन्याचं १८७३ च्या नमुन्याचं (मॉडेलचं) रिव्हॉल्व्हर किंवा जर्मन सैन्याचं राइशरिव्हॉल्व्हर. दोन्ही मुबलक बनली. दिसायला बोजड असल्यामुळे हौशी लोकांची त्यांच्यावर फारशी झुंबड नसते, आणि म्हणून नकला करणाऱ्यालाही त्यात रस कमी. मोठा गुण असा की त्यांच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. फ्रेंच १८७३ च्या नळीवर आणि चौकटीवर मिळून नमुन्याचं वर्ष असतं, सेंत-एतिएनच्या सरकारी कारखान्याचं नाव असतं आणि ते विशिष्ट नग कोणत्या साली बनलं तेही असतं. जन्मदाखला अंगावर घेऊन फिरणारी वस्तू! त्यावर वाचायला शिकलात की बाकीची सोपी जातात.

याच १८७३ ने माझे हात पोळले आहेत, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मला एक १८७३ दिसलं, गर्द निळं, आरशासारखं. बाकीची सगळी राखाडी, डागाळलेली, आणि हे एकटं राजबिंडं. मी जास्तीचे पैसे मोजून ते घेतलं. महिन्याभराने एका जुन्या संग्राहकाने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि एवढंच विचारलं, “याला निळं कोणी केलं?” शिपायांसाठीचं १८७३ मुळात निळं केलेलंच नव्हतं. ते पांढऱ्या, उघड्या पोलादाचं असे, म्हणजे शिपायाने रोज पुसायचं. निळं असायचं ते अधिकाऱ्यांचं १८७४ चं, आणि त्याच्या सिलिंडरला खाचा असतात. माझ्या ‘राजबिंड्या’च्या सिलिंडरला खाचा नव्हत्या. कुणीतरी मागाहून ते घासून, गंजाचे खड्डे बुजवून रंगवलं होतं, आणि त्या घासण्यात कारखान्याची अर्धी अक्षरं गेली होती. जास्तीचे पैसे मी वस्तू बिघडवल्याबद्दल दिले होते. ते नग अजून माझ्याकडे आहे. कोणी नवीन माणूस आला की आधी तेच हातात देतो.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा: आधी ठसे, मग आकडे, मग पृष्ठभाग, मग यंत्र. सौंदर्य सर्वांत शेवटी.

ठशांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण लष्करी रिव्हॉल्व्हर आणि बाजारी रिव्हॉल्व्हर यांतला फरक बहुतेक वेळा ठशांतच असतो. राइशरिव्हॉल्व्हर १८७९ आणि १८८३ अशा दोन नमुन्यांत आलं, काडतूस १०.६ मिलिमीटरचं. ते एर्फुर्टच्या सरकारी कारखान्यात बनलं, झोमर्डाच्या ड्रायझेकडे बनलं, आणि झूलच्या खासगी कारखानदारांनी एकत्र येऊनही बनवलं. बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण चौकटीवर सापडते. मुकुटाखाली एकेक अक्षर असे बारीक ठसे भागाभागांवर दिसतील, ते तपासनिसांचे. या सगळ्यांत गोड ठसा पलटणीचा. आधी रेजिमेंटचा आकडा, मग शाखेचं अक्षर, मग कंपनी, स्क्वाड्रन किंवा बॅटरी, आणि शेवटी शस्त्राचा क्रमांक. डी असेल तर ड्रॅगून, यू असेल तर उलान, एच असेल तर हुसार, तिन्ही घोडदळाचे प्रकार. एवढ्या चार खुणांवरून ते कोणत्या रेजिमेंटच्या कोणत्या तुकडीत कितव्या क्रमांकाचं शस्त्र होतं ते कळतं. बाकी वस्तूंच्या बाबतीत असं भाग्य क्वचितच मिळतं. म्हणूनच हा ठसा असलेली मूठ घासून गुळगुळीत केलेलं राइशरिव्हॉल्व्हर पाहिलं की मला चीड येते.

ब्रिटिशांचं निराळं. सरकारी मालावर रुंद बाणाचा ठसा असतो. असे दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर वस्तू सेवेतून काढून विकून टाकलेली आहे. बाणाखाली आय हे अक्षर असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या खात्यात होती. हे तिन्ही ठसे एकाच वेब्लीवर, म्हणजे त्या ब्रिटिश बनावटीच्या रिव्हॉल्व्हरवर, पाहायला मिळाले की त्या वस्तूचं अर्धं आयुष्य समोर उभं राहतं.

पण ब्रिटिशांच्या बाबतीत एक मोठी गुंतागुंत आहे. तिथल्या अधिकाऱ्याने आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या खिशातून घ्यायची रीत होती. त्यामुळे प्रत्यक्ष लढाईत गेलेल्या कित्येक ॲडम्स, ट्रँटर आणि वेब्ली रिव्हॉल्व्हरांवर सरकारी बाण नसतोच. असतं ते विकणाऱ्या दुकानदाराचं नाव, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे, आणि नशीब असेल तर मुठीवर कोरलेली अधिकाऱ्याची आद्याक्षरं. अशा वस्तूला ‘लष्करी’ म्हणायचं की नाही, यावर संग्राहकांची भांडणं होतात. माझं मत असं की बाण नसेल तर पुरावा दुसऱ्या वाटेने यायला हवा: पेटीवरची पितळी नावपट्टी, कुटुंबातली कागदपत्रं, सैन्याच्या यादीत जुळणारं नाव. नुसतं ‘हे बंडाच्या वेळचं आहे’ असं कोणी म्हणालं तर तो पुरावा होत नाही. आणि आद्याक्षरं तर कालही कोरता येतात.

बेल्जियमच्या लिएज शहराने त्या शतकात जगभर रिव्हॉल्व्हरं पुरवली, त्यामुळे तिथला ठसा ओळखता यायलाच हवा. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं आणि खाली तारा. १८९३ मध्ये त्या लंबगोलावर मुकुट आला. हा एवढासा मुकुट फार उपयोगी आहे. ‘अमेरिकी यादवी युद्धातलं’ म्हणून दाखवलेल्या रिव्हॉल्व्हरवर मुकुटवाला लंबगोल दिसला की हसून वस्तू परत द्यावी, कारण ते युद्ध १८६५ मध्ये संपलं. मी हे दोनदा केलं आहे. एकदा विकणारा खरोखरच अजाण होता. दुसऱ्या वेळी तसं वाटलं नाही.

आकड्यांकडे वळू. टोपीच्या कोल्टवर एकच क्रमांक अनेक भागांवर असतो: नळी, चौकट, चापाचं कडं, मुठीची मागची पट्टी, सिलिंडर, शिवाय नळीला धरून ठेवणारी पाचरसुद्धा. सगळे जुळले तर उत्तम. पाचर हा हरवणारा भाग आहे, ती एकटी वेगळी निघाली तर मी मनाला लावून घेत नाही. सिलिंडर वेगळं असेल तर मात्र लावून घेतो. फ्रेंच आणि स्विस रिव्हॉल्व्हरांत तर बारीकसारीक भागांवरही आकडे किंवा खुणा सापडतात.

‘आकडे जुळायलाच हवेत’ हा नियम एका ठिकाणी उलटा फिरतो आणि तिथे भले भले फसतात. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची घोडदळासाठीची नळी साडेसात इंची होती. १८९० च्या दशकात अमेरिकी सरकारने जुनी हजारो नगं परत मागवली, नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या आणि दुरुस्त करून पुन्हा वाटली. यांना संग्राहक ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात. दुरुस्तीच्या वेळी भाग ढिगातून उचलले गेले, आकड्यांची फिकीर बहुतेकदा केली गेली नाही. त्यामुळे आर्टिलरी मॉडेलवर आकडे न जुळणं हीच नेहमीची गोष्ट. सगळे आकडे सुरेख जुळत असतील तर आधी आनंद करू नका, भिंग काढा. आपोआप जुळलेले असतील तर वस्तू दुर्मिळ आहे. कोणीतरी जुळवलेले असतील तर दुर्मिळ काहीच नाही.

भिंग काढल्यावर काय पाहायचं? हा भाग मला सर्वांत आवडतो. अक्षर ठोकलेलं असेल तर धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या काठांवर अगदी बारीक उंचवटा येतो. कोरलेलं असेल तर धातू काढून टाकलेला असतो आणि काठ वेगळे दिसतात. त्याहून भरवशाची खूण गंजाची. जुन्या पोलादावर खड्डे पडतात. ठसा आधीचा असेल तर गंज त्यालाही खातो; खड्डा अक्षराच्या आरपार जातो, अक्षराचा काठ तिथे तुटतो. ठसा मागाहून मारला असेल तर अक्षर खड्ड्यावर बसतं, खड्डा चिरडला जातो, आणि आजूबाजूचं सगळं झिजलेलं असताना अक्षर तेवढं ताजंतवानं दिसतं. कोल्टच्या चौकटीवर डाव्या बाजूला मारलेली यू आणि एस ही दोन अक्षरं अशाच नजरेने पाहा. बाजारी नगाला सरकारी करायचं असेल तर नेमकी तीच दोन अक्षरं लागतात.

१८५१ च्या कोल्ट नेव्हीच्या सिलिंडरवर नाविक युद्धाचं दृश्य असतं. टेक्सस आणि मेक्सिकोच्या आरमारांत मेक्सिकोतल्या कँपेचीजवळ १६ मे १८४३ ला झालेल्या लढाईचं ते दृश्य, ऑर्म्सबी या नक्षीकाराने कोरलेल्या साच्यावरून सिलिंडरवर दाबून उमटवलेलं. ते फार उथळ असतं. वापरातल्या रिव्हॉल्व्हरवर त्याची शिडं आधी जातात, कारण सिलिंडर म्यानाला घासतं. म्हणून नळी खरवडलेली, मूठ झिजलेली, आणि जहाजं मात्र दोरखंडांसकट खोल उमटलेली, असं दिसलं तर ती जहाजं नव्या बंदरातून आली आहेत.

निळ्या रंगाचंही ओळखायला शिका. त्या काळी भाग कोळशाच्या भट्टीत तापवून निळे करत. घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा मागचा भाग) आणि चौकट यांच्यावर अनेकदा वेगळी प्रक्रिया असे, तिचे ढगांसारखे राखाडी-निळे-तपकिरी रंग दिसतात. उकळत्या क्षारांत बुडवून एकसारखा काळपट निळा रंग देण्याची पद्धत विसाव्या शतकातली. सगळे भाग एकाच सुरात काळेभोर दिसले तर ती मागाहूनची करामत. दुसरी खूण स्क्रूच्या भोकांची. यंत्राच्या चाकावर घासलं की भोकाच्या कडा आधी झिजतात आणि भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. चौकटीच्या धारदार कडा गोल होतात. या दोन खुणा एकदा बोटाला कळल्या की अंधारातही कळतात.

आधुनिक प्रतिकृतींचं थोडक्यात: टोपीच्या कोल्ट आणि रेमिंग्टनच्या प्रतिकृती १९५० च्या दशकाच्या शेवटापासून इटलीत बनत आल्या आहेत आणि त्यांत काही गैर नाही, त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. गैर पुढे होतं, जेव्हा कोणी इटालियन चाचणीचे ठसे आणि चौकोनातला वर्षाचा संकेत घासून काढतो आणि वस्तू आंबट पाण्यात घालून ‘म्हातारी’ करतो. घासलेल्या जागी पोलाद किंचित खोलगट होतं. सरळ पट्टी आडवी ठेवून प्रकाशासमोर धरा, फट दिसते. स्क्रूचे आटेही मदत करतात, प्रतिकृतीचे मेट्रिक असतात. पण विकणाऱ्याच्या टेबलावर स्क्रू काढायला कोणी देत नाही, तेव्हा पट्टीच खरी. त्या काळीच लिएजला बनलेल्या, ‘कोल्ट ब्रेव्हते’ असा शिक्का असलेल्या नकला मात्र निराळ्या. त्या स्वतःच जुन्या आहेत, आणि मला तर त्यांचा एक वेगळा लळा आहे.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही. घोडा अंगठ्याने धरून, सावकाश मागे घ्या आणि तसाच सावकाश खाली सोडा. रिकामा आपटू नका, निपल आणि घोड्याचं टोक दोन्ही फुटतात. अर्ध्या टप्प्यावर सिलिंडर मोकळं फिरायला हवं, पूर्ण टप्प्यावर घट्ट बसायला हवं. स्प्रिंग तुटलेली असली तरी मी वस्तू सोडत नाही. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर थोडा थांबतो, कारण तिथे आधी कोणी तरी अडाणीपणाने हात घातला आहे आणि आत काय केलं असेल देव जाणे. तुम्ही स्वतः स्क्रू काढणार असाल तर खाचेच्या मापाला घासून घेतलेला स्क्रूड्रायव्हर वापरा. जुन्या युरोपीय स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात, घरातला नेहमीचा त्यांत बसत नाही.

आता गंज. दोन प्रकार डोक्यात वेगळे ठेवा. एक तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा. तो जिवंत आहे आणि त्याला थांबवायला हवं. दुसरा गडद तपकिरी, घट्ट, गुळगुळीत; तो काळाने चढवलेला राप आहे, त्याला हात लावायचा नाही. तांबड्यासाठी पातळ तेल लावून दोन दिवस ठेवा, मग पितळी किंवा तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा लाकडाच्या काडीने हळूच उचला. पोलादी घासणी, पॉलिश पेपर, गंज खाणारी आम्लं यांची नावंही काढू नका. शंका असेल तर तेल लावा आणि तसंच ठेवून द्या. सहा महिने थांबल्याने नुकसान होत नाही, सहा मिनिटांच्या घासण्याने होतं.

साफ झाल्यावर मी तेलापेक्षा मेणावर भर देतो. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात वस्तूंच्या जतनासाठी एक सूक्ष्मस्फटिकी मेण तयार झालं, ‘रेनेसांस वॅक्स’ या नावाने ते मिळतं. त्याचा अगदी पातळ हात फिरवला की बोटांच्या घामाचा पोलादाशी संबंध तुटतो. तेल मुठीच्या लाकडात झिरपून लाकूड काळं आणि भुसभुशीत करतं, मेण तसं करत नाही. तरीही हाताळताना हातमोजे घाला. माझ्या एका रेमिंग्टनवर एका पाहुण्याच्या अंगठ्याचा ठसा गंजाने कायमचा उमटला आहे, पोलिसांना उपयोगी पडेल इतका स्पष्ट.

ठेवायच्या बाबतीत दोन चुका फार होतात. पहिली म्हणजे रिव्हॉल्व्हर त्याच्या जुन्या चामडी म्यानात ठेवणं. म्यान आणि वस्तू एकत्र मिळाली हे भाग्य, पण ठेवायची शेजारी शेजारी. चामड्यात कमावतानाची द्रव्यं असतात, ओल धरते, आणि म्यानाच्या आकाराचा गंज रिव्हॉल्व्हरवर उमटतो. दुसरी चूक अधिक गमतीची आहे. इंग्लिश बनावटीची रिव्हॉल्व्हरं अनेकदा ओक लाकडाच्या सुबक पेटीत येतात: साचा, दारूची कुपी, टोप्यांची डबी, सगळं आपापल्या खणात. ओकमधून आम्लाची वाफ निघत राहते. पेटीतल्या शिशाच्या गोळ्यांवर पांढरी पूड धरलेली दिसते ती त्यामुळेच. ती पूड विषारी असते, फुंकू नका. पेटी दाखवायला सुरेख, पण कायम झाकण लावून बंद ठेवू नका. मी माझ्या पेटीतलं सामान वेगळ्या कपाटात ठेवतो आणि कोणी येणार असेल तेव्हा मांडतो. कपाटातली हवा कोरडी आणि एकसारखी असावी, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास. स्पंजच्या गाद्या नकोत, त्या काही वर्षांत विरघळून पोलादाला चिकटतात.

काय काय जमवावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. ‘सगळ्या देशांचं एकेक’ असा संग्रह करणारे पुष्कळ आहेत. माझा कल एखादा प्रश्न धरून जमवण्याकडे. मी स्वतः धरला तो असा: झाडून झालेली रिकामी काडतुसं शिपाई बाहेर कशी काढत होता? या एका प्रश्नावर चाळीस वर्षांचा इतिहास उलगडतो. १८५१ चं कोल्ट किंवा १८५६ चं ब्यूमाँट-ॲडम्स, यांना काढायला काही नव्हतंच. लफोशो या फ्रेंच शस्त्रकाराच्या पिनवाल्यात बाजूची सळई दाबून एकेक काढायचं. राइशरिव्हॉल्व्हरवर ती सळईसुद्धा नव्हती, सुट्या सळईने ढोसायचं. शिस्तीसाठी नावाजलेल्या सैन्याला १८७९ मध्ये हे कसं चाललं हे मला आजही कळत नाही, कारण स्मिथ अँड वेसनने त्याआधीच नळी मोडून सगळी काडतुसं एकदम उडवणारं रिव्हॉल्व्हर रशियाला विकलं होतं. मग येतं ब्रिटिशांचं १८८० चं एनफील्ड. त्यात नळी आणि सिलिंडर पुढे सरकतं, काडतुसं मागे राहून गळून पडतात. सगळ्यांत खालचं मात्र अडकून बसतं. माझ्याकडचं एनफील्ड खोटी काडतुसं घालून उघडलं की हे प्रत्यक्ष दिसतं, आणि पाहणारा हमखास हसतो. १८८७ च्या वेब्लीने तो प्रश्न निकालात काढला. शेवटी फ्रेंचांचं १८९२ चं, आठ मिलिमीटरचं, सिलिंडर बाजूला झुलणारं. तेही उजवीकडे झुलतं. लोक त्याला ‘लेबेल’ म्हणतात, पण ज्या फ्रेंच अधिकाऱ्याचं हे नाव, त्या लेबेलचा त्याच्याशी संबंध असल्याचा पुरावा नाही. त्याची डावी बाजू दारासारखी उघडते आणि आतलं सगळं यंत्र दिसतं. यंत्र शिकायला याहून चांगला गुरू नाही.

अशी सहा-सात रिव्हॉल्व्हरं ओळीने मांडली तर ती एकमेकांशी बोलतात. तीस कोल्ट मांडली तर तीस कोल्टच दिसतात.

आता तुमचं पिनवालं. फ्रेंच नौदलाने लफोशोचं रिव्हॉल्व्हर १८५८ मध्ये स्वीकारलं, धातूचं काडतूस वापरणारं ते पहिलं लष्करी रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचं महत्त्व मोठं आहे. काडतूस १२ मिलिमीटरचं. पण पिनवाली बाजारी रिव्हॉल्व्हरं त्या काळात ढिगाने बनली, मुख्यतः लिएजला, आणि त्यांतली बरीच ७ किंवा ९ मिलिमीटरची. म्हणून विकणाऱ्याकडून चार फोटो मागवा. पहिला, सिलिंडर मागून, घरावर मोजपट्टी आडवी धरून. माप बाराच्या आसपास नसेल तर विषय संपला. दुसरा, चापाचा. चाप घडी होऊन आत जात असेल आणि त्याला कडं नसेल तर ते खिशातलं रिव्हॉल्व्हर आहे, नौसैनिकाचं नाही. तिसरा, मुठीच्या तळाचा. तिथे दोरी ओवायची कडी हवी, निदान कडी होती याची खूण हवी. चौथा, नळीच्या आणि चौकटीच्या सगळ्या ठशांचा, जवळून, बाजूने प्रकाश टाकून. एल आणि एफ ही अक्षरं आणि मधे मोडलेल्या पिस्तुलाचं चित्र, शेजारी क्रमांक, ही लफोशोची खूण. त्याऐवजी फक्त लिएजचा लंबगोल दिसला तर नौदलाची कथा विकणाऱ्याने स्वतःच रचली आहे किंवा त्याला कोणी तरी विकली आहे. तशा वेळीही वस्तू आवडली असेल तर जरूर घ्या, पण बाजारी लिएजच्या भावात. आणि तळाच्या कडीच्या फोटोला विकणारा टाळाटाळ करू लागला तर उरलेल्या तीन फोटोंची वाट पाहू नका.